प्रकरण सतरावे : आत्याचे हात

वहिनींचा फोन आला तेव्हाच आत्यानं ताडलं की कारखान्यात काहीतरी बिनसलंय. चांगलं काही घडलं असतं तर ती बातमी तिला शेजारणीकडून कळली असती. "वन्सं, सगळ्यांनी एकत्र बसायचंय, तुम्ही आलंच पाहिजे," एवढंच बोलून वहिनींनी फोन ठेवला. का, कशाला, हे विचारायला त्यांनी सवडच ठेवली नाही.

निघण्यापूर्वी आत्यानं हात धुतले. दवाखान्यात वापरतात ते निळं जंतुनाशक तळव्यावर ओतलं, बोटांच्या बेचक्यांत चोळलं, नखांखाली ब्रश फिरवला आणि पुन्हा एकदा ओतलं. झोंबलं. झोंबलं म्हणजे साफ झालं, असा तिचा हिशेब होता. मग तिनं पांढरे सुती हातमोजे चढवले. कुणी विचारलंच तर थंडी सोसत नाही म्हणायचं, मग बाहेर ऊन का रणरणत असेना. म्हातारीशी कुणी वाद घालत बसत नाही. म्हातारपणाचे जे दोन-चार फायदे आहेत, त्यातला हा एक.

कारखान्याचं फाटक तेच होतं, रंग नवा होता. वितळलेल्या मेणाचा आणि तेलाचा वास मात्र जुनाच, रस्त्यापर्यंत येणारा. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हा मलमाचा धंदा एका पातेल्यावर उभा केला होता. थोरली म्हणून ढवळायला तिला बसवलं, शाळा सुटली ती सुटलीच. अण्णांचं म्हणणं असं की मलम झालं की नाही हे डोळ्यांना विचारायचं नाही, हाताला विचारायचं. चमच्यानं थोडं काढायचं, डाव्या हाताच्या पाठीवर घ्यायचं, अंगठ्यानं पसरायचं, नि हात काय सांगतो ते ऐकायचं. आत्याचा हात जन्मभर खरं तेच सांगत आला. त्या हाताला ना कधी भेग पडली, ना पुरळ उठलं. बाकीच्या बायका थंडीत बोटांना चिंध्या बांधत, तेव्हा आत्याचे तळवे लोण्यासारखे असत.

मग त्या एका साली माल नासला. दुकानांतून डब्या परत आल्या, झाकण उघडलं की हिरवट बुळबुळीत साय. दादानं, तिच्या पाठच्या भावानं, पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळ्या बायकांना उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून ताई मालाला हात लावणार नाही. उघड्या हातानं काम करायचे दिवस गेले. त्या हातांनीच माल नासवला." एवढं तीन वाक्यांत आटोपलं. आत्या उभी होती, तिनं एप्रन सोडला, घडी केली, टेबलावर ठेवला आणि घरी गेली. तेव्हापासून ती हात धुते आहे.

तिला वाटा नको होता आणि खुर्चीही नको होती. ज्या हॉलमध्ये ते बोललं गेलं त्याच हॉलमध्ये कुणीतरी ते मागं घ्यावं, एवढंच तिला मरायच्या आधी हवं होतं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मागून मिळालं तर त्याला काय किंमत, असा तिचा ताठा.

आज हॉलमधून जाताना तिनं मान वर केली नाही. बायका डब्यांना झाकणं लावत होत्या. दारापाशी हात धुवायचं बेसिन होतं, त्याच्यावर तीच निळी बाटली. कुणीतरी हळूच म्हणालं, "आत्या आल्या." यंत्रांचा आवाज चालूच होता, तरी तिला ते ऐकू आलं.

वरच्या खोलीत चौघं तिची वाट बघत होते. दादा टेबलाच्या टोकाला, त्याच्या डाव्या हाताला वहिनी. समोर धाकटा भाऊ, ज्याची पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी घराला तो अजून छोटूच. आणि खिडकीशी उभी दादाची मुलगी. सूक्ष्मजीवांचं शिकून आल्यापासून छोटू तिला जंतूबाई म्हणायचा, आणि आता सगळा कारखानाच म्हणतो. भिंतीवर काचेच्या पेटीत ढवळायचं एक लाकडी वल्हं टांगलं होतं, खाली पितळी पाटी, तिच्यावर अण्णांचं नाव. आयुष्यभर ढवळलं तिनं, पाटी अण्णांची. आत्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"ये ताई, बस. ही खुर्ची घे, ही मऊ आहे," दादा उठून म्हणाला.

दादा उठला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे आत्याला कळलं.

"चहा सांगू? की सरबत?" छोटूनं विचारलं.

"काय हवंय ते सांगा आधी," ती म्हणाली. "अडला हरी म्हणतात तो तुमच्यातला कोण, ते तरी कळू दे."

वहिनींना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. दादा घसा खाकरून कंपनीविषयी बोलू लागला. मोठी कंपनी, मंगळवारी त्यांची माणसं येणार, नव्या पद्धतीचं क्रीम, जगभर आता हेच चाललंय, आपलं मलम म्हटलं तर म्हाताऱ्या माणसांचं, आपण मागं पडत चाललोय. बोलता बोलता तो मूळ गोष्टीच्या भोवती इतके फेरे घालायला लागला की शेवटी जंतूबाईच मध्ये बोलली.

"बाबा, मी सांगते." ती आत्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "आत्या, तुला आठवतं, मी कॉलेजात होते, तू अजून इथं ढवळत होतीस, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांच्या हातांवरून कापसाची काडी फिरवली होती?"

"आठवतं की. मला गुदगुल्या झाल्या होत्या. आणि छोटूच्या हातात तू अख्खं प्राणिसंग्रहालय निघालं म्हणाली होतीस."

"हो." छोटूकडे कुणी बघितलं नाही. "आपल्या कातडीवर लाखो जिवाणू राहतात, आत्या. सगळे वाईट नसतात. काही नुसते भाडेकरू, काही तर राखणदार. तुझ्या तळव्यावर एक असा निघाला की तो जिथं असेल तिथं खाज आणणाऱ्या, पिकवणाऱ्या जंतूंना पाय रोवू देत नाही. प्रयोगशाळेतल्या ताटलीत त्याच्याभोवती स्वच्छ कडं पडलं होतं. दुसरं काही तिथं उगवायलाच तयार नव्हतं. तो मी इतकी वर्षं वाढवला. वाढवायचा, मग फोडून त्याचा अर्क काढायचा आणि तो क्रीममध्ये घालायचा. कोरडी, चिडलेली कातडी शांत होते. कंपनीला तोच हवाय. जिवंत. त्यांच्या टाक्यांमध्ये वाढवायला."

 आत्यानं टेबलाखाली एक हात दुसऱ्यात घट्ट धरला. तळव्यावरचा, माझ्या, असं तिला विचारायचं होतं. हातांत चांगलं काही होतं. कुणाला तरी ते माहीत होतं. आणि ती रोज नखांखाली ब्रश फिरवत होती.

"मग मला आत्ता का सांगताय?" तिनं विचारलं.

 मग वहिनी म्हणाल्या, "कारण तो मेला, वन्सं."

"मेला म्हणजे?"

"पाहुणे येणार म्हणून भावजींनी प्रयोगशाळा रंगवायला काढली," वहिनींचा आवाज कापरा होता, पण शब्द एकेक करून नीट टाकले जात होते. "फ्रीजरची वायर काढली आणि तो नेऊन ठेवला बाहेर बोळात, बॉयलरच्या भिंतीला टेकवून. रंगाऱ्यांना विजेचा प्लग हवा होता म्हणे. दोन दिवस."

"मला काय माहीत आत काय आहे?" छोटू उसळला. "मला वाटलं औषधं-बिवषधं असतील. दारावर पाटी लावायची होती मग."

"पाटी होती, काका," जंतूबाई म्हणाली. "त्या पाटीवरही तू रंग मारलास."

"दुसरा संच ठेवायचा होता कुठंतरी. शिकलेली माणसं तुम्ही."

"ठेवायचाच होता मला. कॉलेजच्या जंतूंच्या बँकेत. बाबांनी ठेवू दिला नाही."

दादाचा चेहरा लाल झाला. "अण्णांचा नियम आहे. आपली कृती फाटकाबाहेर जात नाही. पन्नास वर्षं पाळलाय तो आपण."

"अण्णांचा नियम मेणाला होता, बाबा. मेण मरत नाही." तिनं कपाळ चोळलं. "म्हणून मी दोन्ही संच एकाच फ्रीजरमध्ये ठेवले. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. दोन्ही गेले."

अण्णा असते तर त्यांनी काय केलं असतं, असा विचार आत्याच्या मनात आला. बहुधा छोटूला दोन ठेवून दिल्या असत्या आणि नियम तसाच ठेवला असता. अण्णांचं ते तसंच होतं.

"ताई," दादा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा बारीक आला, "एकदा हातावरून काडी फिरवू दे. एवढंच. दोन मिनिटांचं काम. जंतूबाई पुन्हा वाढवेल. कंपनीला आपण आठवडाभर थांबवू. नाहीतर कारखाना विकावा लागेल, खोटं नाही सांगत. खाली ज्या बायका बसल्यात त्यांचंही घर याच्यावर चालतं."

म्हणजे हे असं होतं. हातमोज्यांच्या आत आत्याची बोटं आखडली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ झाकलेली होती म्हणून अजून या खोलीत तिला मऊ खुर्ची होती.

"कुठल्या हातावरून?" तिनं विचारलं.

"कुठल्याही. तळव्यावरून."

"ज्यांनी माल नासवला, त्याच हातांवरून ना?"

दादा खाली बघू लागला. छोटूनं खिशातून चष्मा काढला आणि उगाच पुसायला घेतला. "ताई, आता ते जुनं कशाला उकरायचं," तो म्हणाला. "झालं ते झालं."

"तुला जुनं झालं असेल. मला रोजचं आहे."

"आत्या," जंतूबाई म्हणाली, "तो माल तुझ्या हातांनी नासला नव्हता."

"गप्प बस," दादा म्हणाला.

"आता नाही गप्प बसत. दोन वर्षं बसले." ती दादाकडे न बघता बोलत होती. "त्या वेळची एक डबी कोठीत राहिली होती. मी तपासली. ती हिरवी साय पाण्यातल्या जंतूची होती, आत्या. साचलेल्या पाण्यातल्या. माणसाच्या हातावर तो नांदत नाही. तो पाण्याच्या टाकीतून आला. मी बाबांना त्याच दिवशी सांगितलं."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. "तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं? आणि मी दर वेळी विचारायची, वन्संना एकदा बोलवू या का, तेव्हा तुम्ही म्हणायचात की त्यांचाच ताठा आहे."

"मला दोन वर्षांपासूनच माहीत आहे," दादा म्हणाला. मग थांबला. खोटं बोलायला तो कधीच हुशार नव्हता. "म्हणजे टाकीतून आला हे पक्कं दोन वर्षांपूर्वी कळलं. शंका माल नासला तेव्हाही होती. टाकीचं झाकण तुटलं होतं. छोटूनं वर पत्रा ठेवला होता, तो वाऱ्यानं उडाला. आत पाखरं पडली होती."

"मी झाकण मागवलं होतं," छोटू म्हणाला. चष्मा अजून त्याच्या हातातच होता. "ते आलं नव्हतं. म्हणून पत्रा ठेवला. मी दादाला सांगितलं होतं, ताई, खरंच. दादा म्हणाला, मी बघतो."

"आणि त्यानं बघितलं," आत्या म्हणाली.

"ताई, ऐक." दादानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "लोकांना नाव हवं होतं. दुकानदार दारात उभे होते. कुणालातरी बाजूला करावं लागणार होतं. छोटूची पोरं लहान, कारखान्याचा परवाना त्याच्या नावावर. त्याचं नाव घेतलं असतं तर सगळंच बंद पडलं असतं. तुझ्या मागं कुणी नाही, तुझं पोट आम्ही भरणारच होतो. मला वाटलं, तू समजून घेशील."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आत्यानं शंभरदा ऐकलं होतं. पण त्या संन्याशाला नंतर कुणी असं समजावून सांगत बसलं असेल का, याचा विचार तिनं कधी केला नव्हता. तिला राग येईल असं वाटत होतं, आणि आला तो आधी रडण्यासारखाच काहीतरी होऊन आला. 

"समजून घ्यायला आधी सांगावं लागतं, दादा," ती म्हणाली. "तू मला रात्री घरी येऊन सांगितलं असतंस, ताई, असं असं आहे, तू अंगावर घे, तर मी घेतलं असतं. त्या पोरांना आंघोळ मीच घातलीय. मी घेतलं असतं रे. पण तू सांगितलं नाहीस. तू मला खरं म्हणून सांगितलंस, आणि मी ते खरं मानलं."

 जंतूबाईनं पिशवीतून एक बारीक नळी काढली होती, तिच्यात कापसाची काडी. ती तिनं टेबलावर ठेवली.

"काढ ती काडी," आत्या म्हणाली. "एवढं बोलावलंयत तर काढूनच घ्या."

तिनं उजव्या हातमोज्याचं टोक दातांत धरलं आणि ओढलं, कारण डाव्या हातानं तो निघत नसे. मग डावा. दोन्ही हात तिनं टेबलावर पालथे ठेवले आणि मग सावकाश उताणे केले.

तळवे लाल होते आणि कागदासारखे पातळ. बोटांच्या पेरांवर भेगा, काही सुकलेल्या, काही ओल्या. नखांच्या मुळाशी कातडी उलटली होती. अंगठ्याच्या खाली एक जुना चिरा इतक्यांदा उघडला होता की त्याला आता पांढरी कड आली होती. लोण्यासारखे म्हणत ते हात हेच, हे ओळखायला तिथं सगळ्यांना थोडा वेळ लागला, आणि प्रत्येकानं तो वेळ दुसऱ्याकडे न बघता काढला.

"आत्या, हे काय लावतेस तू?" जंतूबाईनं अगदी हळू विचारलं.

"निळं औषध. दवाखान्यातलं."

"किती वेळा?"

"काही धरलं की. काही धरायच्या आधी. शेजारणीच्या नातवाला घ्यायच्या आधी तर दोनदा." तिनं थोडा विचार केला. "कुणाचं काही नासायला नको म्हणून."

वहिनी उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि आत्याच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही हात नणंदेच्या खांद्यांवर ठेवले आणि तिथंच ठेवले. छोटू खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते, आणि पन्नाशीच्या माणसाला रडणं जमत नाही तसं तो रडत होता.

दादानं मुलीकडे बघितलं. "आहे का काही?" तो पुटपुटला. "असेल का अजून?"

"नाही, बाबा." जंतूबाईनं नळी उचलून पिशवीत टाकली. "तिथं कुणीच उरलं नसणार. राखणदारही गेले, भाडेकरूही. आणि या हातांवरून मी आज काडी फिरवणार नाही. आधी हे बरे होऊ देत. नंतर कधी काही परत आलं तर आलं. कोपरावर, मानेवर कुठंतरी एखादा लपून बसला असेल तर बसला असेल. नाही आला तर नाही. कंपनीला मी फोन करते आणि आमच्या चुकीनं मेला म्हणून सांगते. खरं तेच."

"फोन मी करतो," दादा म्हणाला. पण तो उठला नाही. त्याची नजर त्या हातांवरून हलत नव्हती.

आत्यानं हातमोजे उचलले. चढवायला गेली तर बोटं आत शिरेनात, तेव्हा ते तिनं तसेच मुठीत धरले. "निघते," ती म्हणाली. "बस मिळेल अजून."

जिना उतरताना तिच्यामागं पावलं वाजत होती, एकाची नाही, सगळ्यांची. तिनं मागं बघितलं नाही. बोलून झालं होतं, खरं काय ते कळलं होतं, आणि तरी तिला हलकं वाटत नव्हतं. बंद खोलीत कळलेलं खरं बंद खोलीतच राहतं, हे तिला एवढं वय झाल्यावर माहीत होतं.

हॉलमध्ये बायकांचे हात चालू होते. आत्या दारापाशी आली. दाराच्या कडीला हात लावायचा होता, आणि काही धरायच्या आधी, सवयच ती, तिचा हात बेसिनकडे गेला. नळ सुटला. निळ्या बाटलीचं झाकण तिनं अंगठ्यानं दाबलं.

"ताई."

दादा हॉलच्या मधोमध उभा होता, बरोबर त्याच जागी. त्यानं आवाज चढवला, कारण यंत्रं चालू होती, आणि मग कुणीतरी यंत्रं बंद केली म्हणून तो आवाज नको तितका मोठा झाला.

"ताई, राहू दे ते. स्वच्छ आहेत तुझे हात." त्याला पुढचं बोलायला श्वास घ्यावा लागला. "तेव्हाही होते. माल टाकीच्या पाण्यानं नासला होता. मला माहीत होतं. मी तुझ्यावर ढकललं."

डब्या टेबलांवर तशाच राहिल्या. जुन्यापैकी दोघी-तिघी होत्या, त्यांनी आत्याकडे बघितलं आणि पदरानं डोळे पुसले, नव्यांना काही कळलं नाही पण त्याही उभ्या राहिल्या. आत्यानं नळ बंद केला. हात कशाला पुसावेत ते तिला सुचेना, म्हणून तिनं ते हवेत धरले.

कढईवर काम करणारी बाई पुढं आली. एके काळी ती आत्याच्या हाताखाली शिकली होती. तिच्या हातात चमचा होता, चमच्यात कोमट मलम. तो तिनं पुढं केला.

आत्यानं डावा हात पालथा धरला. मलम भेगांवर पडलं आणि असं झोंबलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अंगठ्यानं ते हळूहळू पसरलं, हात काय सांगतो ते ऐकलं.

"मेण जास्त झालंय," ती म्हणाली.